क्रम, भेद आणि भाषेचे सामर्थ्य

एक भाषा दुसरीपेक्षा अधिक समर्थ आहे, या विधानाला नेमका अर्थ देता येतो का, हा भाषेच्या तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. मानवी भाषांच्या बाबतीत त्याचा निकाल लागणे कठीण असते, कारण आज जे सांगता येत नाही ते उद्या नवा शब्द घडवून किंवा दहा वाक्यांचा पसारा मांडून सांगता येते, आणि त्यामुळे ‘हे या भाषेत सांगताच येणार नाही’ या म्हणण्याला सिद्धतेचे बळ कधीच लाभत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकासाठी रचल्या गेलेल्या कृत्रिम भाषांची स्थिती वेगळी आहे. त्यांचे व्याकरण आणि त्यांतील प्रत्येक वाक्याचा अर्थ आधीच पूर्णपणे ठरवलेला असल्यामुळे, अमुक आशय अमुक भाषेतील कितीही लांब वाक्याने व्यक्त होणार नाही, हे गणिताने दाखवता येते. अशा भाषांची दोन घराणी येथे शेजारी ठेवायची आहेत : डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या पृच्छाभाषा आणि एका दस्तऐवजाचे दुसऱ्या दस्तऐवजात रूपांतर करण्याच्या भाषा. या तुलनेतून असे दिसून येईल की, भाषेचे सामर्थ्य मोजण्यापूर्वी त्या भाषेने जगातील कोणते भेद खरे मानले आहेत हे ठरवावे लागते, आणि हा निर्णय गणिताच्या अगोदरचा, म्हणजे तत्त्वज्ञानाचा असतो.

पहिल्या घराण्याचा पाया एडगर कॉड यांनी 1970 मध्ये आयबीएममध्ये असताना प्रसिद्ध केलेल्या निबंधाने घातला गेला. त्या काळच्या माहितीप्रणालींमध्ये प्रश्न विचारणाऱ्याला माहिती कोणत्या क्रमाने साठवली आहे, तिच्यावर कोणत्या सूची बांधल्या आहेत आणि तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे आहे, या तिन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागत. कॉड यांनी या तिन्ही अवलंबनांना दोष मानले आणि माहितीची कल्पना ‘संबंध’ या गणिती रूपात केली. संबंध म्हणजे ठरावीक स्तंभ असलेल्या ओळींचा संच. आणि संचाला क्रम नसतो, तसेच त्यात एकच घटक दोनदा येत नाही. अशा संबंधांवर करायच्या निवड, जोडणी, वजाबाकी यांसारख्या क्रियांच्या समूहाला संबंधबीजगणित म्हणतात. या बीजगणिताची अभिव्यक्तिशक्ती ‘सर्व’ आणि ‘काही’ हे संख्यापक वापरणाऱ्या प्रथमस्तरीय तर्कशास्त्राइतकीच आहे, हे कॉड यांनी 1972 मध्ये मांडले. डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये मांडलेली आणि पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झालेली भाषा याच विचाराचे व्यावहारिक रूप होय.

दुसऱ्या घराण्याचे मूळ छपाई आणि ग्रंथसंपादन यांत आहे. मजकुराच्या प्रत्येक भागावर तो शीर्षक आहे, परिच्छेद आहे की टीप आहे, अशी खूण करण्याची एसजीएमएल ही पद्धत 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि तिचे सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल 1998 मध्ये आली. येथे माहितीचा आकार तक्त्याचा नसून वृक्षाचा असतो : ग्रंथात प्रकरणे, प्रकरणात परिच्छेद, परिच्छेदात वाक्यखंड, आणि प्रत्येक पातळीवर काही आधी व काही नंतर. या वृक्षावर फिरण्यासाठी एक्सपाथ आणि त्याचे रूपांतर करण्यासाठी एक्सएसएलटी या भाषा 1999 मध्ये प्रमाणित झाल्या. एक्सएसएलटीमध्ये लेखक नियम लिहितो : असा भाग आढळला तर त्याच्या जागी असे काही निर्माण करावे आणि त्याच्या पोटातील भागांना पुन्हा नियम लावावेत. नियमाने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याच्या या रीतीला पुनरावर्तन म्हणतात. 2007 मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सक्वेरीने वृक्षरूप माहितीला एसक्यूएलच्या वळणाने प्रश्न विचारण्याची सोय केली, आणि तिच्या रचनेतही चेंबरलिन यांचा प्रमुख वाटा होता.

वरवर पाहता या दोहोंतील तुलना सोपी वाटते. आल्फ्रेड एहो आणि जेफ्री उलमन यांनी 1979 मध्ये दाखवले की, संबंधबीजगणितात संक्रामक संवृती, म्हणजे एका दुव्यापासून कितीही पायऱ्यांनी पोचता येणारे सर्व दुवे शोधण्याची क्रिया, व्यक्त होत नाही. पालक आणि अपत्य यांचा तक्ता हाती असेल तर आजोबा विचारता येतात, पणजोबाही विचारता येतात, परंतु ‘सर्व पूर्वज’ हा प्रश्न एका सूत्रात मांडता येत नाही. उलट, एक्सएसएलटी आणि एक्सक्वेरी या दोन्ही भाषा ट्युरिंग-पूर्ण आहेत, म्हणजे यंत्राने जे जे गणन तत्त्वतः शक्य आहे ते सर्व त्यांत लिहिता येते, याची सिद्धता स्टीफन केप्सर यांनी 2004 मध्ये दिली. मग रूपांतरभाषा निखालस श्रेष्ठ ठरतात, असे मानावयास हरकत नसावी. परंतु हा निष्कर्ष घाईचा आहे. ट्युरिंग-पूर्णता हा मापदंड इतका ढोबळ आहे की, त्या पातळीला पोचलेल्या सर्व भाषा त्याच्या लेखी एकसारख्याच ठरतात. शिवाय, दोन भाषा एकाच जगाविषयी बोलत आहेत हे ज्या तुलनेत गृहीत धरले जाते, ते गृहीतकच येथे तपासून पाहावे लागते.

पूर्वजांचेच उदाहरण पुढे नेले तर हे स्पष्ट होते. संबंधबीजगणिताला न पेलणारा हा प्रश्न एक्सपाथमध्ये एका पायरीत विचारता येतो, कारण त्या भाषेत ‘पूर्वज’ ही दिशा मुळातच दिलेली आहे. मात्र 1999 ची एक्सपाथ ही ट्युरिंग-पूर्ण भाषा नव्हे. तिच्यात पुनरावर्तनही नाही. तिला हे जमते, कारण तिचे जग वृक्षाचे आहे आणि वृक्षात कोण कोणाच्या वर आहे हे रचनेतच कोरलेले असते. तीच वंशावळ वृक्षाऐवजी परस्परसंदर्भ देणाऱ्या सुट्या नोंदींच्या रूपाने दस्तऐवजात मांडली, तर कितीही लांबीच्या संदर्भसाखळीचा माग काढण्यास एक्सपाथही अपुरी पडते आणि एक्सएसएलटीच्या पुनरावर्तनाची मदत घ्यावी लागते. याचा अर्थ असा की, जे भाषेचे सामर्थ्य वाटले होते त्यातील मोठा भाग भाषेचा नसून तिच्यापुढे ठेवलेल्या जगाचा होता. पृच्छाभाषेची ही उणीव दुरुस्त होण्यासारखीही होती, आणि 1999 च्या एसक्यूएल मानकात पुनरावर्ती प्रश्नांची सोय करून ती बऱ्याच अंशी दूर केली गेली. त्यानंतरही जो भेद उरतो, तो मात्र असा एखादा रचनाप्रकार वाढवून मिटणारा नाही.

हा उरलेला भेद ज्या अटीतून येतो तिला नामनिरपेक्षता म्हणता येईल. एहो आणि उलमन यांनी तिचा आग्रह धरला होता, आणि अशोक चंद्रा व डेव्हिड हारेल यांनी 1980 मध्ये तिला काटेकोर रूप दिले. डेटाबेसमधील सर्व नावे सुसंगतपणे बदलली, म्हणजे प्रत्येक ‘अ’च्या जागी ‘क्ष’ आणि प्रत्येक ‘ब’च्या जागी ‘य’ लिहिला, तर उत्तरातही नेमका तेवढाच बदल व्हावा, अन्य काही नाही. कारण प्रश्न वस्तूंच्या परस्परसंबंधांविषयी असतो, त्यांच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांविषयी नसतो. आता असा तक्ता कल्पावा की ज्यात फक्त दोन ओळी आहेत : ‘अ हा ब चा जुळा भाऊ आहे’ आणि ‘ब हा अ चा जुळा भाऊ आहे’. ‘यांपैकी कोणताही एक द्या’ हा प्रश्न नामनिरपेक्ष भाषेत विचारता येत नाही. अ आणि ब यांची नावे आपसांत बदलली तरी तक्ता जसाच्या तसा राहतो. म्हणून उत्तरात अ आला तर त्याच न्यायाने ब देखील यावाच लागतो. प्रश्नातच ‘अ’ हे नाव लिहून ठेवले तर निवड होईल हे खरे, पण मग तो सर्व तक्त्यांना लागू पडणारा सामान्य प्रश्न उरत नाही. येथे महत्त्वाची बाब अशी की, चंद्रा आणि हारेल यांनी नामनिरपेक्ष असे प्रत्येक गणनीय उत्तर देऊ शकणारी भाषाही रचून दाखवली, आणि तिलाही ही निवड करता येत नाही. गणनशक्ती आणि भेददर्शनाची शक्ती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली पूर्णत्वाला पोचली तरी दुसरी अपुरी राहू शकते.

तत्त्वज्ञानाच्या इतिहासात हा प्रश्न अपरिचित नाही. सर्व गुणधर्मांत तंतोतंत जुळणाऱ्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, त्या एकच असतात, असे लाइब्निट्सचे तत्त्व होते. आणि पुरेशा कारणावाचून ईश्वरही दोन समान पर्यायांतून एकाची निवड करणार नाही, असा युक्तिवाद त्याने 1715–16 मध्ये क्लार्कशी झालेल्या पत्रव्यवहारात निरपेक्ष अवकाशाच्या विरोधात केला होता. 1952 मध्ये मॅक्स ब्लॅक यांनी या तत्त्वाला प्रत्युत्तर म्हणून एका विश्वाची कल्पना मांडली : त्यात संपूर्ण सारखे असे दोन लोखंडी गोल आहेत आणि त्यांवाचून काहीही नाही. गोल दोन आहेत हे सुसंगतपणे बोलता येते, परंतु त्यांपैकी ‘डावीकडचा’ म्हणण्यास तेथे कोणी पाहणारा नाही, आणि म्हणून एकाचा निर्देश करता येत नाही. कॉड यांचा तक्ता लाइब्निट्सच्या बाजूचा आहे, कारण संचात सारखी ओळ दुसऱ्यांदा येत नाही. व्यवहारातील एसक्यूएलने मात्र सारख्या ओळींना मुभा दिली. तिच्यात दोन समरूप ओळी मोजल्या तर संख्या दोन येते, पण मूल्यांच्या आधारे त्यांतील नेमक्या एकीचा निर्देश करता येत नाही. हे ब्लॅक यांचेच विश्व आहे, आणि कॉड यांचा सारख्या ओळींना असलेला तीव्र विरोध याच दृष्टीने समजून घेतला पाहिजे.

भारतीय परंपरेत या कोड्याला वैशेषिक दर्शनाने उत्तर दिले. घट आणि पट यांतील भेद त्यांच्या अवयवांवरून सांगता येतो; परंतु एकाच जातीचे, सारख्याच गुणांचे दोन परमाणू निरवयव असल्यामुळे त्यांतील भेद कशावर आधारावा, असा पेच होता. त्यासाठी ‘विशेष’ हा स्वतंत्र पदार्थ मानला गेला. तो नित्य द्रव्यांत राहतो, प्रत्येक द्रव्यात वेगळा असतो, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, तो आपल्या आश्रयाला इतरांपासून वेगळे करतोच, शिवाय स्वतःला वेगळे करण्यासाठी त्याला दुसऱ्या कशाची गरज लागत नाही. म्हणून त्याला स्वतोव्यावर्तक म्हणतात. रघुनाथ शिरोमणी या नव्यनैयायिकाने पुढे आक्षेप घेतला की, विशेष जर आपण होऊन वेगळा राहू शकतो तर तोच अधिकार थेट परमाणूला द्यावा. मधला पदार्थ कशाला मानायचा?

एक्सक्वेरीच्या माहिती-प्रतिमानात या वादाची दोन्ही टोके एकत्र दिसतात. तेथे वृक्षातील प्रत्येक बिंदूला स्वतःची ओळख असते. एकाच मजकुराचे दोन परिच्छेद मूल्याने समान असले तरी ‘हाच तो आहे का’ या कसोटीवर ते भिन्न ठरतात, आणि हा भेद कोणत्याही गुणावर आधारलेला नसतो. रघुनाथाचा आक्षेप मान्य केल्यासारखी ही रचना आहे, कारण येथे बिंदू स्वतःच स्वतःला वेगळा करतो. परंतु या ओळखीने केवळ अनेकत्व सिद्ध होते, निवड होत नाही. दोन परिच्छेद दोन आहेत, एवढ्यावरून पहिला कोणता हे ठरत नाही. त्यासाठी त्या भाषेत दुसरी, वेगळी कसोटी आहे : दस्तऐवजातील पूर्वापर क्रम. वैशेषिकांनीही परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूरचेपण आणि जवळचेपण, यांना विशेषाहून वेगळ्या अशा गुणांमध्ये स्थान दिले होते. एसक्यूएलमधील समरूप ओळींना संख्या मिळते पण निर्देश मिळत नाही. दस्तऐवजातील समरूप परिच्छेदांना क्रमामुळे निर्देशही मिळतो. रूपांतरभाषांचे खरे आधिक्य या एका देणगीत आहे.

ही देणगी किती मोठी आहे हे संगणनशास्त्राने मोजले आहे. नील इमरमन आणि मोशे वार्डी यांनी 1982 मध्ये सिद्ध केले की, प्रथमस्तरीय तर्कशास्त्राला पुनरावर्तनाची जोड दिली आणि वस्तूंमध्ये क्रम उपलब्ध असला, तर बहुपदी काळात, म्हणजे माहितीच्या आकाराच्या ठरावीक घाताइतक्या पायऱ्यांत, सुटणारा प्रत्येक प्रश्न त्या भाषेत मांडता येतो. क्रम काढून घेतला की तीच भाषा इतकी दुबळी होते की, संचातील घटकांची संख्या सम आहे की विषम, एवढेही तिला सांगता येत नाही, कारण मोजण्यासाठी घटक एकामागून एक घ्यावे लागतात आणि ‘एकामागून एक’ हेच तिच्या जगात नसते. मोजणीची क्रिया वेगळी पुरवून हा दोष जाईल, अशी अपेक्षा होती; परंतु जिन-यी काय, मार्टिन फ्युरर आणि इमरमन यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, मोजणी दिल्यावरही क्रमाविना न सुटणारे पण बहुपदी काळातले प्रश्न रचून दाखवले. क्रमाची मदत न घेता बहुपदी काळातील सर्व प्रश्न, आणि तेवढेच, मांडणारे तर्कशास्त्र अस्तित्वात आहे का, हा प्रश्न आजही अनिर्णित आहे. तसे तर्कशास्त्र नाही, असे अनुमान युरी गुरेविच यांनी 1988 मध्ये मांडले होते.

क्रम इतका उपयुक्त असेल तर कॉड यांनी तो दोष का मानला, असा प्रश्न येथे उभा राहतो. त्याचे उत्तर, क्रम कोणाचा आहे यावर अवलंबून आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत पाठभेद असले तरी तिच्या ओव्यांचा क्रम गीतेच्या श्लोकांच्या अनुक्रमाने बांधलेला आहे. अमुक ओवी आधी येते हे त्या ग्रंथाच्या अर्थाचा भाग आहे. तुकारामांच्या गाथेत मात्र एका अभंगातील चरणांचा क्रम अर्थाचा भाग असला तरी अभंगांचा परस्परक्रम आणि त्यांचे क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात. ‘गाथेतील शंभरावा अभंग कोणता’ या प्रश्नाचे उत्तर एखाद्या आवृत्तीविषयी सांगते, तुकारामांविषयी सांगत नाही. दोन्ही ग्रंथ एक्सएमएलमध्ये उतरवले तर दोहोंना सारखाच पक्का क्रम मिळतो, आणि भाषा त्यांतील फरक ओळखू शकत नाही. जो भेद वस्तूत नव्हता तो मांडणीने निर्माण केला आणि भाषेने तो खरा मानला, असे येथे घडते. व्यवहारात एसक्यूएललाही या मोहाचा स्पर्श झालेला आहे : क्रम न सांगता ‘पहिली एक ओळ द्या’ असे म्हणण्याची सोय तिच्यात आहे, पण त्या वेळी कोणती ओळ मिळेल याची हमी मानक देत नाही.

यावर असा तोडगा सुचतो की, क्रमाची मदत हिशेबापुरती घ्यावी आणि अंतिम उत्तर मात्र क्रमावर अवलंबून नसावे. उदाहरणार्थ, सभेतील माणसे मोजताना कोठूनही सुरुवात केली तरी संख्या तीच येते. अशा प्रश्नांना क्रमनिरपेक्ष प्रश्न म्हणतात, आणि गुरेविच यांनी दाखवले आहे की, क्रम अशा रीतीने उसना घेतला तरी प्रथमस्तरीय भाषेचे सामर्थ्य खरोखरच वाढते. अडचण पुढे आहे. दिलेले सूत्र क्रमनिरपेक्ष आहे की नाही, हे सर्व सूत्रांच्या बाबतीत ठरवून देणारी कोणतीही यांत्रिक रीत असू शकत नाही. बोरिस त्राख्तेनब्रोट यांच्या 1950 च्या निष्कर्षातून हे निष्पन्न होते. क्रम उसना घेता येतो, पण तो परत केला की नाही याची तपासणी सर्वसाधारणपणे करता येत नाही.

सामर्थ्य आणि ज्ञेयता यांतील हा ताण सर्वच पातळ्यांवर आढळतो. केवळ निवड आणि जोडणी वापरणाऱ्या साध्या प्रश्नांच्या बाबतीत दोन प्रश्न नेहमी सारखेच उत्तर देतील का हे यंत्राने ठरवता येते, असे चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांनी 1977 मध्ये दाखवले. संपूर्ण संबंधबीजगणितात हे ठरवता येत नाही, पण तेथे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कधी ना कधी मिळतेच, ही खात्री शिल्लक असते. ट्युरिंग-पूर्ण रूपांतरभाषेत तीही उरत नाही. लिहिलेले रूपांतर संपेल की अखंड चालू राहील, हे सर्वसाधारणपणे आधी सांगता येत नाही. पृच्छाभाषा दुर्बळ ठेवण्यामागे हाच विचार आहे. प्रश्नात ‘काय हवे’ एवढेच असल्यामुळे ‘कसे शोधावे’ हे यंत्राला मोकळेपणाने ठरवता येते, आणि प्रश्नाचे अधिक जलद पण समानार्थी रूप शोधता येते. म्हणून येथील दुर्बळतेला अज्ञान म्हणता येत नाही; ती जाणूनबुजून पत्करलेली मर्यादा आहे आणि तिच्या मोबदल्यात भाषेविषयीचे ज्ञान मिळते.

तेव्हा दोन घराण्यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न त्या स्वरूपात सोडून द्यावा लागतो. दोन भाषांची तुलना करताना तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या पाहिजेत : भाषेला किती गणन करता येते, तिला कोणते भेद दिसतात, आणि तिच्यातील वाक्यांविषयी आधीच किती जाणता येते. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा निवाडा भाषेच्या आत राहून होत नाही, कारण क्रम वस्तूचा की मांडणीचा, हे वस्तूकडे पाहूनच ठरवावे लागते. या दृष्टीने भाषांच्या रचनाकारांनी केलेल्या काही लहान तरतुदी बोलक्या आहेत. एक्सएमएलमध्ये घटकांना क्रम असला तरी एका घटकाच्या गुणविशेषांचा आपसांतील क्रम अर्थहीन मानला आहे. आणि एक्सक्वेरीमध्ये ‘अनऑर्डर्ड’ हा शब्द लिहून या ठिकाणी क्रमाला महत्त्व नाही, असे लेखकाला घोषित करता येते. क्रम दिसत असतानाही तो न पाहण्याचे स्वातंत्र्य या तरतुदींनी लेखकाच्या हाती दिले आहे. ते कोठे वापरायचे हे मात्र भाषा सांगत नाही. ज्ञानेश्वरीच्या संपादकाने तो शब्द लिहिला तर ग्रंथ मोडेल, आणि गाथेच्या अभ्यासकाने तो लिहिला नाही तर आवृत्तीच्या संपादकाचा निर्णय तुकारामांच्या नावावर जमा होईल.